आधी गिऱ्हाईक, मग ॲप
प्रस्तावना

या पुस्तिकेचा वाचक माझ्या डोळ्यांसमोर स्पष्ट आहे. तो किंवा ती भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात राहते, नागपुरात किंवा पुण्यात शिकून आली आहे आणि डोक्यात एका ॲपची कल्पना घोळते आहे. ॲप बनवून देणाऱ्या कंपनीशी बोलणं झालं आहे, काही लाखांचं कोटेशन आलं आहे आणि आता ते पैसे उभे करायचे आहेत. ते कुठून येतात हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतून, धान विकून आलेल्या पैशातून, आईच्या बचत गटाच्या कर्जातून, कधी शेताच्या एखाद्या तुकड्यातून. मोठ्या शहरातल्या गुंतवणूकदाराने दहा कंपन्यांत पैसे लावले आणि त्यातल्या नऊ बुडाल्या, तरी दहावीच्या जोरावर त्याचा हिशेब जुळू शकतो. इथल्या घराला असा डाव एकदाच खेळता येतो. त्यामुळे डेव्हलपरला पैसे देण्याआधी कल्पना तपासून घेणं हे घरच्यांप्रति आपलं कर्तव्य आहे, असं मी मानतो आणि त्याच भावनेतून ही पुस्तिका लिहिली आहे.

तपासणं म्हणजे काय, याबद्दल बराच गोंधळ आहे. बहुतेक जण मित्रांना, नातेवाइकांना, गावातल्या चार जाणत्यांना विचारतात, "असं ॲप काढलं तर वापराल का?" उत्तर ठरलेलं असतं. "चांगलं हाये बाबू, कर." आपल्या गावातल्या पोराच्या उमेदीवर पाणी ओतायला कोणी तयार होत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. पण हे उत्तर प्रेमाचं असतं. त्याला बाजाराचं उत्तर समजून कर्ज काढणारा पुढे अडचणीत येतो. रॉब फिट्झपॅट्रिक या लेखकाने 2013 साली 'द मॉम टेस्ट' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं, त्याचा सगळा भर याच मुद्द्यावर आहे. आपल्या कल्पनेबद्दल विचारलं की आईसुद्धा खोटं बोलते, कारण तिला आपल्याला दुखवायचं नसतं. त्यापेक्षा समोरच्याच्या आयुष्याबद्दल विचारावं. पुढे काय कराल हे विचारू नये. मागच्या वेळी काय केलं, किती पैसे गेले, किती वेळ गेला, हे विचारावं. झालेल्या गोष्टीबद्दल माणूस सहसा खरं सांगतो.

आंधळगावचंच उदाहरण घेऊ. मोहाडी तालुक्यातलं हे गाव कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, विणकामासाठी ओळखलं जातं. जंगलातल्या ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसरचे किडे वाढतात. पूर्व विदर्भातला ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे कोष घेत आला आहे, आणि त्या कोषांच्या धाग्यातून हातमागावर साडी उतरते. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेल्या विदर्भातल्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. समजा, इथल्या एका तरुणाला वाटलं की विणकर आणि पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं यांना थेट जोडणारं ॲप काढावं. मधले व्यापारी कमी होतील, विणकराला जास्त भाव मिळेल, गिऱ्हाइकाला अस्सल माल मिळेल. ऐकताना ही कल्पना निर्दोष वाटते आणि तिच्यामागची कळकळही खरी आहे. पण तिच्या पोटात किती गृहीतकं दडलेली आहेत ती एकेक करून बाहेर काढू.

पहिलं गृहीतक असं की विणकराकडे विकायला साडी आहे. हातमागाच्या धंद्यात पुष्कळ ठिकाणी सूत व्यापाऱ्याचं असतं आणि विणकर मजुरीवर विणतो. म्हणजे मागावरची साडी त्याची नसतेच. जो मालकच नाही, तो ॲपवर काय विकणार? अशा घरात खरी गरज दुकानाची नसून सुतासाठी लागणाऱ्या खेळत्या भांडवलाची असते, आणि ती ॲपने भागत नाही. दुसरं गृहीतक, पुण्यातली बाई हात न लावता, पोत न पाहता, फोटोवर विश्वास ठेवून काही हजारांची साडी घेईल. टसरचा नैसर्गिक मधाळ रंग मोबाइलच्या पडद्यावर एक दिसतो आणि प्रत्यक्षात दुसरा. साडी परत आली तर जाण्या-येण्याचा खर्च कोणी सोसायचा? तिसरं, एकदम दहा मागण्या आल्या तर माल कुठून आणायचा? हातमागाचा वेग माणसाच्या हाताचा असतो, मागणी वाढली म्हणून तो वाढत नाही. चौथं गृहीतक कायद्याचं. जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्याला दुसऱ्याच्या ई-कॉमर्स मंचावरून माल विकण्याची जी सवलत 1 ऑक्टोबर 2023 पासून मिळाली, ती राज्याच्या आतल्या विक्रीपुरती आहे. म्हणजे बंगळूरचं गिऱ्हाईक मिळालं तरी नोंदणी नसलेल्या विणकराची साडी त्या ॲपवरून त्याला विकता येणार नाही. पाचवं, बाजारात असं काही आधीपासून नाही. पण आहे. केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाचं 'इंडिया हँडमेड' हे पोर्टल विणकरांना थेट विक्री करू देतं. ते असताना गिऱ्हाईक आपल्याकडे का येईल, याचं उत्तर आधी हवं.

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर शोधायला डेव्हलपर लागत नाही. मागावर बसलेल्या माणसाशी निवांत बोललं तर पहिल्याचं उत्तर मिळतं. करसल्लागाराला विचारलं की चौथ्याचं मिळतं. पाचव्यासाठी हातातला फोन पुरतो. राहिले दुसरा आणि तिसरा. त्यांचं उत्तर प्रत्यक्ष विकून बघितल्याशिवाय मिळणार नाही, आणि विकायला ॲप लागत नाही.

हे नव्याने सांगायला नको, कारण मोठ्या झालेल्या कित्येक धंद्यांची सुरुवात अशीच झाली. 1999 साली अमेरिकेत निक स्विनमर्न याला इंटरनेटवर जोडे विकायचे होते. गोदाम भरून माल घेण्याऐवजी तो जवळच्या दुकानांत गेला, जोड्यांचे फोटो काढले आणि साध्या वेबसाइटवर टाकले. मागणी आली की दुकानात जाऊन तो जोडा पूर्ण किमतीला विकत घ्यायचा आणि पाठवून द्यायचा. त्या व्यवहारात त्याला नफा नव्हता. पण न घालता, न पाहता लोक जोडे घेतात की नाही, याचं उत्तर त्याला फार थोड्या पैशात मिळालं. ती कंपनी म्हणजे झॅपोस. 2009 साली ॲमेझॉनने ती विकत घेतली. कोशाच्या साडीबद्दलचा आपला दुसरा प्रश्न हुबेहूब हाच आहे, आणि तो सोडवण्याची रीतही हीच.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याच्या ॲग्रोस्टारचं आहे. शेतकऱ्याला बी-बियाणं, खतं, औषधं घरपोच देण्याचा हा धंदा शार्दूल आणि सितांशु शेठ या भावांनी उभा केला. त्याची सुरुवात मिस्ड कॉलवर झाली. शेतकऱ्याने एका नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून उलट फोन यायचा, त्याची अडचण ऐकून घेऊन मागणी लिहून घेतली जायची आणि माल गावात पोचायचा. शेतकऱ्यांचं स्मार्टफोनसाठीचं ॲप त्यानंतर आलं. मिस्ड कॉलला पैसे पडत नाहीत आणि तो साध्या फोनवरूनही देता येतो, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत होतं. जी सवय लोकांच्या हातात आधीच होती तिच्यावर धंदा उभा राहिला. आणि त्या फोनवरच्या संभाषणांतून शेतकरी कोणत्या शब्दांत मागणी करतो, कशाला घाबरतो, कुठे अडतो, हे कळत गेलं. पुढे ॲप बांधताना लागणारी सगळ्यात मोलाची माहिती ती हीच.

याहून जुनं आणि आपल्या भागाच्या अधिक जवळचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी मराठीत ज्ञानकोश काढायचं ठरवलं तेव्हा त्यांच्यामागे ना संस्थान होतं ना सरकार. त्यांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ नावाची लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले आणि ग्रंथ छापून होण्याआधी वर्गणीदार मिळवण्यासाठी वणवण केली. 1920 च्या दशकात या कोशाचे 23 खंड पूर्ण झाले. मराठी प्रकाशनात आजही चालणारी प्रकाशनपूर्व सवलत याच जातीची आहे. वाचक आगाऊ पैसे भरतो तेव्हा प्रकाशकाला भांडवल मिळतं आणि पुस्तकाला मागणी आहे हेही कळतं. आगाऊ आलेला रुपया हा शंभर शाबासक्यांपेक्षा खरा साक्षीदार असतो. आजच्या स्टार्टअपवाल्यांची भाषा नवी असली, तरी ही समज मराठी माणसाला परकी नाही.

म्हणून या पुस्तिकेत एकच कसोटी पुन्हा पुन्हा लावली आहे. समोरच्याने काही गमावलं का? पैसे दिले, वेळ दिला, किंवा स्वतःची पत पणाला लावून आणखी कोणाकडे आपली शिफारस केली, तर कल्पनेत जीव आहे. नुसतं कौतुक केलं, तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

आंधळगावच्या तरुणासाठी ही चाचणी अशी दिसेल. दोन-तीन विणकरांकडून, साडी ज्यांच्या मालकीची आहे अशांकडूनच, मोजक्या साड्यांचे फोटो दिवसाच्या उजेडात काढायचे. 2018 पासून मोफत मिळणाऱ्या व्हॉट्सॲप बिझनेसवर त्यांचा कॅटलॉग लावायचा. किंमत खरी लिहायची, ओळखीपाळखीची सूट नाही. ओळखीच्या लोकांना विकायचंही नाही, ओळखीच्यांच्या अनोळखी मैत्रिणींपर्यंत पोचायचं. यूपीआयवर आगाऊ रक्कम मागायची. किती जणींनी पाहिलं, किती जणींनी भाव विचारला, किती जणींनी पैसे पाठवले आणि किती साड्या परत आल्या, हे एका वहीत लिहायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चाचणी सुरू करण्याआधीच त्या वहीच्या पहिल्या पानावर आकडा लिहून ठेवायचा: पन्नास अनोळखी बायकांना दाखवून किमान इतक्या साड्या पूर्ण किमतीला गेल्या, तरच पुढे जायचं. हा आकडा आधी लिहिला नाही तर मन नंतर तडजोड करतं. दोनच गेल्या तरी वाटतं की सुरुवात चांगली झाली.

या चाचणीत जे हाताने करावं लागतं तेच खरं शिक्षण आहे. अस्सल टसर आहे कशावरून, हा प्रश्न दर दुसरी बाई विचारू लागली, तर ॲपमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुंदर रंगसंगती नसून खात्री आहे हे उमजतं. मग केंद्रीय रेशीम मंडळाच्या पाठबळावर 2004 साली सुरू झालेला सिल्क मार्क आणि 2006 पासूनचा हँडलूम मार्क यांची चौकशी करायला हवी, हे आपोआप सुचतं. आणि कदाचित असंही दिसेल की एकट्या-दुकट्या गिऱ्हाइकापेक्षा लग्नाच्या बस्त्यासाठी एकदम सहा-सात साड्या घेणारं कुटुंब जास्त भरवशाचं आहे. तसं असेल तर ॲप लागतच नाही. एक फोन नंबर आणि विणकरांची पक्की यादी पुरेल.

मागावर ताणा चढवण्याआधी विणकर रुंदी, काठ, रंग सगळं नक्की करून घेतो, कारण एकदा ताणा लागला की पुढच्या कित्येक वारांचं नशीब ठरलेलं असतं. ॲपचं काम सुरू होण्याआधीचे हे आठवडे तितक्याच गांभीर्याने घ्यावेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता दुसरा एक धडा. आपला स्पर्धक दुसरं ॲप असेलच असं नाही. मोहाडी-तुमसरच्या पट्ट्यात धानकापणीच्या दिवसांत हार्वेस्टर मिळवणं ही खरी अडचण असते, म्हणून हार्वेस्टर नोंदवण्याचं ॲप ही कल्पना सहज सुचते. पण शेतकऱ्याच्या फोनमध्ये यंत्रमालकाचा नंबर असतो, आणि तो नंबर, ती ओळख, थोडी उधारी ही त्याची आजची व्यवस्था आहे. नवं ॲप या व्यवस्थेपेक्षा चांगलं असायला हवं. कापणीच्या आठवड्यात सगळ्यांना एकाच वेळी यंत्र हवं असतं, मग ॲप असलं तरी यंत्रं तेवढीच राहतात. इथे तुटवडा माहितीचा आहे की यंत्रांचा, हे आधी शोधावं. तुटवडा यंत्रांचा असेल तर ॲप काढून काहीही सुटणार नाही.

फोन आणि नेटवर्क यांबद्दलची गृहीतकंही अशीच तपासावी लागतात. राज्य सरकारने ई-पीक पाहणीचं ॲप 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर लागू केलं, त्याआधी निवडक तालुक्यांत ते प्रायोगिक तत्त्वावर चालवून पाहिलं होतं. शेतकऱ्याने शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची, अशी ही रीत. त्यात एका मोबाइलवरून सुरुवातीला 20 खातेदारांची नोंद करता येईल अशी सोय ठेवली होती. प्रत्येक शेतकऱ्याकडे स्मार्टफोन नसतो, तो शेजाऱ्याच्या किंवा पुतण्याच्या फोनवरून काम करतो, हे वास्तव या एका सोयीत सामावलं आहे. तुमच्या ॲपमध्ये एक फोन म्हणजे एक माणूस असं धरलं असेल, तर आपल्या गावांत ते पहिल्याच दिवशी अडेल.

एक इशाराही इथेच द्यायला हवा. कल्पना तपासली म्हणजे धंदा तरलाच असं नाही. बंगळूरच्या डंझोची सुरुवात कबीर बिस्वास यांनी व्हॉट्सॲपवर केली. लोक निरोप पाठवायचे, ही वस्तू आणून द्या, ते पार्सल पोचवा, आणि कामं हाताने केली जायची. लोकांना ही सेवा मनापासून हवी होती. पुढे गूगल आणि रिलायन्ससारख्यांनी त्यात पैसे घातले. तरीही 2025 च्या सुरुवातीला डंझोची सेवा बंद पडली. लोकांना हवं आहे का, हा पहिला प्रश्न. प्रत्येक खेपेला हाती काही उरतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर होकारार्थी आलं म्हणून दुसरा विसरणं महागात पडतं. त्यामुळे साड्यांच्या त्याच वहीत फोटो काढायला गेलेला वेळ, पॅकिंग, कुरियर, परत आलेला माल, सगळ्याचा खर्च लिहावा आणि एका साडीमागे काय उरलं ते बघावं. त्याची उलट बाजू क्विबीची. लहान व्हिडिओंच्या या अमेरिकी सेवेने सुमारे 175 कोटी डॉलर उभे केले, एप्रिल 2020 मध्ये ती सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात बंद पडली. पैशांचा ढीग असला तरी लोकांना नको असलेली वस्तू विकली जात नाही.

ॲप हा एकदाचा खर्च नव्हे, हेही आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही. गूगल प्लेवर खातं उघडायला एकदाच 25 डॉलर लागतात, ॲपलला दर वर्षी 99 डॉलर. त्यानंतर सर्व्हरचं भाडं, ओटीपीच्या संदेशांचा खर्च आणि अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांप्रमाणे करावे लागणारे बदल चालूच राहतात. हे बदल केले नाहीत तर काही काळाने नव्या फोनवर ॲप मिळेनासं होतं. कोडची मालकी हाही मोठा विषय आहे. बाहेरच्या कंपनीकडून कोड लिहून घेतला आणि हक्क आपल्या नावावर केल्याचा लेखी करार नसला, तर पैसे देऊनही त्याचा कॉपीराइट सहसा लिहिणाऱ्याकडेच राहतो. आणि गूगलनेच आता एक अट घातली आहे. नवं वैयक्तिक खातं उघडणाऱ्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस ते वापरून घ्यावं लागतं. 2023 च्या अखेरीस ही अट आली तेव्हा हा आकडा 20 होता. ज्याला पूर्ण तयार झालेलं ॲप वापरून पाहायला बारा माणसं मिळत नाहीत, त्याने हजारो गिऱ्हाइकांचा हिशेब कशाच्या जोरावर मांडायचा?

पुस्तिकेची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात गृहीतकं शोधून ती कागदावर उतरवण्याची रीत आहे, आणि त्यांतलं कोणतं खोटं ठरलं तर सगळी कल्पनाच कोसळेल हे ओळखायचं कसं, ते सांगितलं आहे. दुसऱ्या भागात माणसांशी बोलण्याचे प्रश्न आहेत. ते मराठीत आणि आपल्या गावांत विचारता येतील असेच ठेवले आहेत, कारण परक्या पुस्तकांतले प्रश्न जसेच्या तसे विचारले तर समोरचा माणूस मुलाखत दिल्यासारखा ताठरतो. तिसरा भाग हाताने सेवा चालवून पाहण्याचा आहे: व्हॉट्सॲप, गूगल फॉर्म, साधी वही, आणि आगाऊ पैसे मागण्याचं धाडस. ते धाडस आपल्याला फार जड जातं, म्हणून त्यावर जास्त पानं खर्च केली आहेत. चौथ्या भागात हिशेब आहे. डेव्हलपरकडे जाताना न्यायचे कागद, कराराच्या अटी आणि कामाचे टप्पे पाडून पैसे देण्याची पद्धत पाचव्या भागात येते. तो भाग शेवटी ठेवण्यामागे हेतू आहे. तिथवर पोचायचा हक्क आधीच्या चार भागांतून मिळवावा लागतो.

कोडिंग कसं करावं हे या पुस्तिकेत नाही. त्यासाठी दुसरी चांगली पुस्तकं आहेत, आणि ज्याला स्वतः कोड लिहिता येतो त्यानेही हे आधी वाचावं, कारण त्याचे पैसे वाचले तरी त्याची वर्षं खर्च होणारच असतात.

ही चाचणी करून काहींच्या हाती नकार येईल. त्यांनी स्वतःला हरलेलं समजू नये, असं मला कळकळीने सांगायचं आहे. ज्याने विणकरांच्या दारात बसून, गिऱ्हाइकांचे फोन घेऊन, परत आलेली साडी उघडून पाहून आपली कल्पना सोडली, त्याला या धंद्याची जी माहिती झाली ती कोणत्याही कंपनीच्या कोटेशनमध्ये मिळत नाही. त्याची पुढची कल्पना आधीच्यापेक्षा चांगली असण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि ती आजमावायला घरातले पैसे जागेवर आहेत. ज्यांच्या हाती होकार येईल, त्यांनी तो वहीतल्या आकड्यांसह डेव्हलपरसमोर ठेवावा. मग नेमकं काय बांधायचं आणि काय बांधायचं नाही, हे तुम्ही सांगाल आणि कोटेशनही बहुधा छोटं होईल.

पहिला भाग वाचून झाला की पुस्तिका मिटून ठेवा आणि ज्यांच्यासाठी ॲप काढायचं आहे त्यांतल्या पाच जणांना भेटून या. दुसरा भाग त्यानंतर वाचा. या क्रमाने वाचली तरच ही पुस्तिका उपयोगी पडेल.